हा वाचतच नाही हो! मुलांच्या पुस्तकांचे प्रकार ओळखायची एक घरगुती रीत

दर रविवारी सकाळी दहाला आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी सतरंजी अंथरते आणि पुस्तकांच्या दोन पेट्या उघडते. मुलं येतात, उलथापालथ करतात, वहीत नाव लिहून पुस्तक नेतात. त्यांच्या मागोमाग एखादी आई नाहीतर बाबा येऊन हमखास म्हणतात, "ताई, आमचा हा वाचतच नाही हो. घरी कपाटभर पुस्तकं आहेत."

एकदा एका घरी ते कपाट बघायचा योग आला. अकरा पुस्तकं होती. त्यांतली सहा थोरांची चरित्रं, तीन बोधकथा, एक सामान्यज्ञान आणि एक कुणीतरी वाढदिवसाला दिलेला इंग्रजी चित्रकोश. मुलगा नऊ वर्षांचा. त्याला विचारलं, "तुला काय आवडतं?" तो म्हणाला, "साप." सापाचं एकही पुस्तक त्या कपाटात नव्हतं, आणि हसवणारं किंवा घाबरवणारंही नव्हतं. तो वाचत नव्हता हे खरं, पण त्याच्यापुढे सारखा एकच पदार्थ वाढला जात होता हेही तितकंच खरं.

म्हणून हा लेख. मुलांच्या पुस्तकांचे प्रकार कसे ओळखायचे, घरातली पुस्तकं कशी लावायची आणि कुठल्या मुलाला कुठलं द्यायचं, हे मी माझ्या पेट्यांवर चुकत चुकत शिकले. ते क्रमानं सांगते. एक सुट्टीची दुपार आणि मोकळी फरशी एवढं पुरे.

आधी तीन प्रश्न सुटे करा

बहुतेक गोंधळ इथेच होतो. "माझ्या मुलीला चित्रपुस्तकं आवडतात, परीकथा नाही," असं कुणी म्हणतं तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत घातलेल्या असतात. चित्रपुस्तक हे पुस्तकाचं रूप, परीकथा हा मजकुराचा प्रकार. परीकथा चित्रपुस्तकात येते, कॉमिकमध्ये येते, दोनशे पानी पुस्तकातही येते. तिसरी गोष्ट पातळी, म्हणजे भाषा किती अवघड आहे. हातात घेतलेल्या प्रत्येक पुस्तकाला हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारायचे: हे दिसतं कसं, आत आहे काय आणि कुणाला झेपेल?

पायरी पहिली: रूपानुसार ढीग लावा

सगळी पुस्तकं फरशीवर ओता. जाड पुठ्ठ्याची एका बाजूला. ती चावायला, फेकायला आणि पान उलटायची सवय लागायला असतात. त्यांचा प्रकार शोधत बसू नका.

मग चित्रपुस्तक आणि सचित्र पुस्तक वेगळं करा. दोन्हींत चित्रं असतात, तरी दोन्ही एक नाहीत. चित्रावर हात ठेवा आणि फक्त मजकूर वाचा. गोष्ट अख्खी कळली तर ते सचित्र पुस्तक, चित्र फक्त सोबतीला आहे. काहीतरी निसटलं तर ते चित्रपुस्तक. समजा पानावर एवढंच लिहिलंय, 'आजी म्हणाली, घरात कुणीच नाही,' आणि चित्रात पलंगाखालून मांजराची शेपटी बाहेर आलीय. गंमत शब्दांत नाही आणि एकट्या चित्रातही नाही, ती दोघांच्या मध्ये आहे. असं पुस्तक वाचताना मूल आपल्यापेक्षा हुशार ठरतं, कारण आपण अक्षरं बघत असतो आणि ते शेपटी. चित्रपुस्तकं बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात, कारण छपाई फर्म्यांत होते, म्हणजे एका मोठ्या कागदावर आठ किंवा सोळा पानं एकदम छापून तो घडी घालतात. 'एवढीशी पानं आणि एवढी किंमत?' हा प्रश्न मलाही पडायचा. ३२ पानांचं चांगलं चित्रपुस्तक घरात पन्नास वेळा वाचलं जातं हे बघितल्यापासून पडत नाही.

तिसरा ढीग चौकटी आणि फुग्यांचा, म्हणजे चित्रकथा किंवा कॉमिक. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेली अमर चित्र कथा बहुतेकांच्या घरात सापडते. "कॉमिक म्हणजे काही वाचन नव्हे" हे मत मला मान्य नाही. दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत काय घडलं ते मुलानं स्वतः ठरवायचं असतं, आणि ते सोपं काम नाही.

उरलेला ढीग मजकुराच्या पुस्तकांचा: छोट्या गोष्टींचे संग्रह, कुमारांसाठीच्या कादंबऱ्या, कवितासंग्रह, नाटुकली, मासिकांचे अंक. रूपाचं काम इथे संपलं.

पायरी दुसरी: घडलेलं की रचलेलं?

आता प्रत्येक ढिगातून पुन्हा निवडा. घडलेलं एकीकडे, रचलेलं एकीकडे. ऐकायला सोपं वाटतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा तास गेला आणि मधोमध एक तिसरा ढीग तयार झाला.

दादासाहेब फाळक्यांचं उदाहरण घ्या. जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला, 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला. एवढं सांगून, कागदपत्रांच्या आधारानं पुढे जाणारं पुस्तक म्हणजे चरित्र. पण त्याच पुस्तकात 'त्या रात्री ते खिडकीशी उभे राहून मनाशी म्हणाले' असं वाक्य आलं की थांबा. मनाशी म्हणालेलं लेखकाला कुठून ऐकू आलं? ते रचलेलं आहे. वाईट नाही, उलट मुलांना तेच भावतं. फक्त ती चरित्रात्मक कथा झाली आणि ती मधल्या ढिगात जाते. माझी खूण अशी: बंद खोलीतले संवाद सापडले की मधला ढीग.

'श्यामची आई' याच ढिगातलं. साने गुरुजींनी ते आपल्या नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहून काढलं. अनुभव त्यांचे स्वतःचे, पण श्याम रोज रात्री मित्रांना गोष्ट सांगतो ही मांडणी लेखकाची. म्हणून प्रकरणांऐवजी 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी'. त्याला चरित्र म्हणावं की कथा, यावर वाद घालायला मजा येते. मुलांपुढे घाला, ती छान भांडतात.

पौराणिक कथा आणि दंतकथांचं काय? नाशिकच्या मुलाला हा प्रश्न घरबसल्या पडतो. पांडवलेणीला गेलात की कुणीतरी सांगतंच, इथे पांडव राहिले होते. लेण्यांतले ब्राह्मी शिलालेख मात्र सातवाहन आणि क्षत्रप राजांबद्दल, बौद्ध भिक्षूंना दिलेल्या दानांबद्दल बोलतात. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. पांडवांची गोष्ट ही दंतकथा, शिलालेखाची गोष्ट हा इतिहास. दोन्ही सांगाव्यात, पण एका खणात ठेवू नयेत. पंचवटीतल्या सीतागुंफेची, शूर्पणखेच्या नाकाची गोष्ट पौराणिक कथांत जाते. तिथे 'खरं की खोटं' हा प्रश्नच वेगळा असतो. मूल विचारतंच, तेव्हा "लोक फार फार वर्षांपासून ही गोष्ट सांगत आलेत" हे उत्तर प्रामाणिक आहे.

एक ठेच मी खाल्लेली सांगते. एका प्रदर्शनात मुखपृष्ठावर ग्रह आणि यान बघून 'विज्ञान' म्हणून पुस्तक घेतलं. घरी उघडलं तर परग्रहावरच्या राजकन्येची गोष्ट. विज्ञानाची माहिती आणि विज्ञानकथा यांत इतका फरक आहे, आणि मांडणाऱ्यानं दोन्ही एकाच टेबलावर ठेवली होती. तेव्हापासून मी मुखपृष्ठावर विश्वास ठेवत नाही.

पायरी तिसरी: रचलेल्या गोष्टींचे पोटप्रकार

इथे वेळ काढा. व्याख्या पाठ करून हे समजत नाही. मी मुलांबरोबर एक खेळ करते: विषय एकच घ्यायचा आणि प्रकार बदलत जायचे. आमचा विषय गंगेचा पूर. (बाहेरच्या वाचकांसाठी: नाशिककर गोदावरीला सरळ गंगा म्हणतात.) पाऊस वाढला, गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की अख्खं शहर एकच विचारतं, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?" गुडघा, कंबर, छाती, गळा. रामकुंडाजवळची ती मूर्ती ही आमची पट्टी. आता बघा.

घाटावर दुकान असलेल्या माणसाची मुलगी. रात्री माल वर हलवायचाय, धावपळीत तिचं दप्तर खालीच राहतं. अशक्य असं काही घडत नाही, उद्या कुणाच्याही घरी घडेल. ही वास्तवकथा. मुलांच्या कपाटात सगळ्यात कमी सापडणारा प्रकार हाच, आणि शाळा, भांडण, नवं भावंड, आजोबांचं जाणं असल्या गोष्टींशी झगडणाऱ्या मुलाला सगळ्यात जास्त लागणाराही हाच.

'एक होती म्हातारी. तिची झोपडी नदीकाठी. एके दिवशी नदी म्हणाली, म्हातारे म्हातारे, मला आत घे.' नदी बोलली म्हणून कुणाला नवल वाटत नाही, म्हातारीला नाव नाही, साल नाही, आणि नदी बहुधा तीनदा दार ठोठावणार. ही लोककथेची चाल. शेणाचं घर आणि मेणाचं घर आठवा, भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी आठवा. तीच ठेवण, तीच पुनरुक्ती. परीकथा हिची चुलत बहीण, फक्त जादू जास्त आणि राजवाडा जवळ.

पाणी गळ्याशी आलं की दुतोंड्या मारुतीची दोन तोंडं एकमेकांशी बोलू लागतात. पण एका वेळी एकच बोलू शकतं, आणि ऐकू येतं फक्त ज्याचे पाय पाण्यात आहेत त्याला. इथेही अशक्य घडतंय, पण नियमानं. ही अद्भुतकथा. नियम मोडला तर मूल लगेच पकडतं: "पण त्याचे पाय तर कोरडे होते!"

साल २०८०. धरणाचे दरवाजे एक यंत्र उघडतं आणि एके रात्री ते नकार देतं. अशक्य आहे, पण आज अशक्य. आणि का घडतंय याचं उत्तर विज्ञानाच्या वाटेनं मिळतं. ही विज्ञानकथा. नाशिकला २०२१ साली झालेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते, खगोलशास्त्रज्ञ आणि मराठी विज्ञानकथेतलं मोठं नाव. मुलांना हा दुवा सांगितला की 'विज्ञान' आणि 'कथा' हे शब्द एकत्र कसे येतात ते चटकन कळतं.

पूर ओसरला. पहिल्या मजल्यावरच्या कुलूपबंद खोलीत ओला तांब्या सापडला, पाणी तर तळमजल्याच्या वर गेलंच नव्हतं. कुणी ठेवला? ही रहस्यकथा. इथे खूण शोधायची ती धाग्यादोऱ्यांची. चांगल्या रहस्यकथेत उत्तराचे धागे आधीच्या पानांत पडलेले असतात. शेवटी अचानक नवा चोर आणला तर मुलं रागावतात, आणि त्यांचं बरोबर असतं. साहसकथेत 'कुणी केलं' हा प्रश्न नसतो, 'सुटतील का' हा असतो: दोन भावंडं पंचवटीच्या काठाला अडकली आणि घर पलीकडे.

ऐतिहासिक कथेसाठी पूर सोडून देऊ. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्या दिवशी गर्दीत वडिलांचं बोट धरून उभी असलेली दहा वर्षांची मुलगी आपण कल्पनेनं उभी केली, तर ती ऐतिहासिक कथा. तारीख, ठिकाण, घटना खरी, मुलगी रचलेली. पुस्तकाच्या शेवटी लेखकानं कुठलं खरं आणि कुठलं रचलेलं ते सांगितलं असेल तर ते पुस्तक नक्की घ्या.

कविता म्हणाल तर:

पाणी आलं पाणी, मारुतीच्या कानी,
एका तोंडी रडू त्याच्या, एका तोंडी गाणी!

हे बडबडगीत. अर्थ विचारायचा नाही, टाळी पडते का ते बघायचं.

विनोदी पुस्तकांना मी वेगळा खण देत नाही. विनोद हा मसाला आहे, तो कुठल्याही प्रकारात पडतो. पेटीवर मात्र 'हसायचं' अशी वेगळी चिठ्ठी चिकटवली आहे, कारण मुलं तेच मागतात.

आणि बोधकथा. खूण अगदी सोपी: शेवटचं वाक्य झाका. गोष्ट तरीही पुरी वाटत असेल तर ती गोष्ट. लटकली तर तो बोध, गोष्ट नुसती त्याला टांगायला खुंटी म्हणून होती. पंचतंत्र राजपुत्रांना व्यवहार शिकवण्यासाठी सांगितलेलं, पण त्यातल्या कित्येक गोष्टी बोध काढून घेतला तरी उभ्या राहतात, म्हणून तर त्या टिकल्या. आता बाजारात मिळणाऱ्या 'संस्कारकथां'ना ही परीक्षा लावून बघा.

प्राणी दिसला की 'प्राणीकथा' लिहून मोकळं होऊ नका. ससा शाळेत जातो, डबा विसरतो, रडतो: ही मुलाचीच वास्तवकथा, सशाचे कान लावलेली. खऱ्या सशाची दिनचर्या असेल तर ते माहितीचं पुस्तक.

पायरी चौथी: घडलेल्यांचे पोटप्रकार

इथे चटकन होतं. चरित्र, आत्मकथन, प्रवास, माहितीपर, कोश आणि 'करून बघा' छापाची कृतिपुस्तकं. माहितीपर पुस्तकात अनुक्रमणिका, आकृत्या, शेवटी शब्दसूची आहे का ते बघा. आकडा मुलाच्या मापात आणून दिला आहे का तेही बघा. 'दहा हजार क्युसेक विसर्ग' या शब्दांनी मुलाला काही कळत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर पाणी. म्हणजे दहा हजार क्युसेकला दर सेकंदाला दहा हजार लिटरच्या अठ्ठावीस टाक्या रिकाम्या होतात. आमच्या सोसायटीची टाकी तेवढीच आहे. हे सांगितल्यावर मुलं गच्चीवर टाकी बघायला पळाली.

पायरी पाचवी: दुकानात उभ्याउभ्या

पाच मिनिटं मिळतात, तर चार पानं उघडा. पहिलं पान: कोण बोलतंय, कुठे आहोत. मधलं कुठलंही पान: संवाद जास्त की वर्णन. शेवटचं पान: बोध टांगलाय का. आणि श्रेयपान, जे कुणी बघत नाही. तिथे मूळ भाषा, अनुवादक, चित्रकार आणि आवृत्तीचं साल असतं. चित्रपुस्तकावर चित्रकाराचं नावच नसेल तर मी ते परत ठेवते. अनुवाद हा प्रकार नाही, पण अनुवादकाचं नाव छापलेलं असणं ही बहुधा चांगल्या मराठीची खूण असते.

पायरी सहावी: कान पुढे, डोळा मागे

'वयोगट ६ ते १०' या शिक्क्यावर जाऊ नका. आमच्या भागातली निम्म्याहून जास्त मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. घरात मराठीच बोलतात, ऐकून सगळं कळतं, पण वाचताना 'स्वच्छ'पाशी अडतात. अशा मुलाचा कान दहा वर्षांचा आणि डोळा सात वर्षांचा असतो. डोळ्याच्या मापाचं पुस्तक दिलं तर त्याला बाळबोध वाटतं, कानाच्या मापाचं दिलं तर झेपत नाही. उपाय दोन पुस्तकं. कानासाठी रहस्यकथा किंवा साहसकथा, ती तुम्ही रोज रात्री एक प्रकरण मोठ्यानं वाचायची. डोळ्यासाठी चित्रपुस्तक किंवा कॉमिक, जे तो स्वतः वाचेल. या दोन रूपांत थोडे शब्द असूनही गोष्ट बाळबोध वाटत नाही. एक पान वाचायला सांगा. पाचपेक्षा जास्त शब्दांना अडखळला तर ते पुस्तक सध्या कानाचं.

पायरी सातवी: मुलाचे प्रश्न ऐका

कुठला प्रकार द्यायचा हे मूल स्वतःच सांगत असतं. गोष्ट सांगताना जो "पुढे काय झालं?" विचारतो त्याला साहस. "कुणी केलं?" वाल्याला रहस्य. "हे खरं आहे का?" असं सारखं विचारणाऱ्याला परीकथा देत राहू नका, माहितीपर द्या, मग चरित्र. "असं असतं तर?" म्हणणाऱ्याला अद्भुत किंवा विज्ञानकथा. काहीच न विचारता ओळी पुन्हा पुन्हा म्हणत बसणारं मूल कवितेचं.

मग शेजारच्या प्रकारात सरकवा, उडी मारायला लावू नका. डायनोसॉरच्या माहितीतून विज्ञानकथेत जाता येतं. कॉमिकमधून रहस्यकथेत, क्रिकेटपटूच्या चरित्रातून वास्तवकथेत. सापवाल्या मुलाला मी आधी सापांचं माहितीपर पुस्तक दिलं, नंतर सर्पमित्रांचे अनुभव. लोककथांतला नाग तिसऱ्या महिन्यात आला, तोही त्यानं 'यात चुका आहेत' म्हणून परत केला. चुकांची यादी वहीत लिहून दिली होती.

पुस्तकं कुठून आणायची

विकत घेण्याआधी चाळायला मिळावीत म्हणून वाचनालय. आपलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे 'सावाना', १८४० पासूनचं आहे. तिथे ग्रंथपालांना "आठ वर्षांच्या मुलासाठी काहीतरी" असं न म्हणता "आठ वर्षांच्या मुलासाठी रहस्यकथा" असं म्हणून बघा, उत्तरातला फरक कळेल. चार-पाच घरं मिळून वाचणार असाल तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाची चौकशी करा, त्यात पुस्तकांची पेटीच आपल्याकडे येते. स्वस्तात हवी असतील तर नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला. फुकट हवी असतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ: मराठी गोष्टी चार वाचनपातळ्यांत लावलेल्या आहेत आणि छापूनही घेता येतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. प्रकार ओळखायच्या सरावासाठी मासिकासारखं काही नाही: एका अंकात कथा, कविता, माहिती, कोडी सगळं असतं. मुलाला पेन्सिल द्या आणि प्रत्येक मजकुरावर प्रकार लिहायला सांगा.

चिठ्ठ्या लावताना

रंगीत चिठ्ठी कण्यावर तळाशी, दोन बोटं जागा सोडून. नुसत्या डिंकानं लावलेल्या चिठ्ठ्या आमच्याकडे जुलैत गळून पडल्या, म्हणून आता वरून पारदर्शक टेप. रंग सहाच्या वर नकोत, मुलांच्या लक्षात राहत नाहीत. माझे असे: लोककथा-परीकथा पिवळा, वास्तव आणि ऐतिहासिक हिरवा, रहस्य-साहस काळा, अद्भुत-विज्ञानकथा निळा, खरी माहिती आणि चरित्र लाल, कविता-नाटक जांभळा. बोधकथा जिथे बसतील तिथे. एखादं पुस्तक दोन खणांत बसत असेल तर दोन चिठ्ठ्या लावा, आणि ठेवा मात्र तिथे, जिथे मूल शोधायला जाईल. 'श्यामची आई'वर आमच्याकडे हिरवी आणि लाल अशा दोन चिठ्ठ्या आहेत. लाल मी लावली होती. हिरवी कुणी लावली ते अजून कळलेलं नाही.